पोर्ट गेला, बिल कोणाच्या नावावर?

लॅपटॉपच्या नव्या मॉडेलमधून एखादा सवयीचा पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच, गायब झाला की दोन फळ्या आपोआप तयार होतात. एक फळी म्हणते, ही सरळ लूट आहे, आता हे लोक दोन हजारांचा कन्व्हर्टर आपल्या गळ्यात मारणार. दुसरी म्हणते, तुमच्यासारख्या रडतराऊतांचं ऐकलं असतं तर जग आजही फ्लॉपीवरच अडकून पडलं असतं. मग पोर्ट जुना होता की नव्हता यावर खडाजंगी, कोण किती पुढारलेला याची मोजमापं, आणि चार दिवसांनी सगळे गप्प. गेली पंचवीसेक वर्षं हा वाद याच दोन वाक्यांभोवती घिरट्या घालतोय. मला दोन्ही फळ्यांचं म्हणणं अपुरं वाटतं. पोर्ट जुना होतो, जातो, आणि जायलाच हवा. पण त्याच्या जाण्याचा खर्च कोणी सोसला, आणि तो जाण्याआधी ग्राहकाच्या हातात दुसरा रस्ता होता का, हे विचारल्याशिवाय कंपनीला शाबासकी देता येत नाही आणि शिव्याही घालता येत नाहीत. जोडणीचा एक भाग लॅपटॉपवर असतो, दुसरा ग्राहकाने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कॅमेऱ्यावर, हार्ड डिस्कवर, प्रिंटरवर. कंपनी आपला भाग काढते तेव्हा समोरचाही निकामी होतो, आणि त्याची किंमत तिच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २००८ चं आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला ॲपलने ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला नवा मॅकबुक आणला. देखणा, दणकट, ग्राफिक्स आधीच्यापेक्षा कितीतरी वेगवान. फक्त डाव्या कडेच्या पोर्टच्या रांगेत फायरवायर, म्हणजे व्हिडिओ कॅमेरा किंवा ध्वनिमुद्रणाची पेटी जोडायचा वेगवान पोर्ट, नव्हता. हा पोर्ट काही परका नव्हता. त्याच्या घडणीत ॲपलचाच मोठा वाटा होता. १९९५ मध्ये आयईईई १३९४ या नावाने तो मानक झाला, सोनीने आपल्या कॅमेऱ्यांवर आय-लिंक म्हणून तो बसवला आणि २००१ मध्ये त्याच्याबद्दल ॲपलला अभियांत्रिकीचं एमी पारितोषिकही मिळालं. त्याच वर्षी आलेला पहिला आयपॉड फक्त फायरवायरवरूनच गाणी भरून घेत असे. व्हिडिओ आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी मॅकच घ्यावा, असं सांगताना कंपनी वर्षानुवर्षं ज्या गोष्टींकडे बोट दाखवत आली, त्यांतली ही एक.

फायरवायर कशासाठी लागायचा हे आपल्याकडे ज्यांनी त्या काळात लग्नाच्या शूटिंगचा धंदा केला त्यांना वेगळं सांगायला नको. मिनीडीव्हीची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट, साठ मिनिटांची. कॅमेऱ्याच्या बाजूची रबरी झडप उघडायची, आत चार पिनांचं चिमुकलं टोक बसवायचं, सहा पिनांचं जाड टोक कॉम्प्युटरला. टेप मागे नेऊन कॅप्चरला लावली की हळदीपासून पंगतीपर्यंतचा तासाभराचा ऐवज उतरायला बरोबर एक तास, मिनिटभरही लवकर नाही. तासाला साधारण तेरा जीबी. मध्येच कोणी कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडलं की फ्रेम ड्रॉप, म्हणजे मधली चित्रं गळायची, की पुन्हा टेप मागे. डीव्ही कॅमेऱ्याला यूएसबी असलं तरी ते बहुतेक वेळा फोटो काढून घेण्यापुरतं. कागदावर यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि फायरवायरचा ४००. पण यूएसबीत कॉम्प्युटरने विचारल्याशिवाय समोरचं यंत्र काही पाठवत नाही, तर फायरवायरवर यंत्रं आपापसात बोलू शकतात आणि व्हिडिओसाठी वेगाचा ठरावीक वाटा राखून ठेवता येतो. त्यामुळे मोठ्या फाइली हलवताना प्रत्यक्षात ४०० वालाच पुढे निघायचा.

आपल्याकडचे बहुतेक स्टुडिओ मॅकबुकवर नव्हे, विंडोजच्या डेस्कटॉपवर काम करायचे. तिथे मदरबोर्डवर हा पोर्ट नसला तरी अडत नसे. काही शे रुपयांचं १३९४ कार्ड आणायचं, कॅबिनेट उघडून पीसीआय स्लॉटमध्ये बसवायचं, काम सुरू. बंद डब्यासारख्या लॅपटॉपला ही मुभा नाही, म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्याच्या हातात डेस्कटॉपवाल्यापेक्षा कितीतरी जास्त सत्ता असते. त्या मॅकबुकला बाहेरून जादा कार्ड बसवायचा एक्स्प्रेसकार्डचा स्लॉट नव्हता, आणि यूएसबीतून फायरवायर काढून देईल असा कामाचा कन्व्हर्टर बाजारात नव्हता, कारण दोघांची काम करण्याची रीतच निराळी. वर मॅकवाल्यांची आणखी एक जुनी सोय बुडाली. फायरवायरची केबल जोडून मशीन सुरू करताना ‘टी’ दाबून धरलं की अख्खा मॅक दुसऱ्या मॅकला बाहेरच्या हार्ड डिस्कसारखा दिसायचा. बिघडलेल्या मशीनमधून डेटा वाचवायला, जुन्यातलं सगळं नव्यात न्यायला लोक हेच वापरत. म्हणजे पोर्ट गेला, त्याच्याबरोबर चालू कॅमेरा गेला, ध्वनिमुद्रणाची पेटी गेली, आणि बदल्यात पैसे मोजून का होईना, काही मिळवण्याची सोयही ठेवली नाही.

ग्राहकांनी ओरड केली तेव्हा ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांच्या नावाने एका ग्राहकाला गेलेलं ईमेल उत्तर बातम्यांत फिरलं. आशय असा की गेल्या काही वर्षांतले नवे एचडी कॅमेरे यूएसबी २ वापरतात. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. कार्डावर आणि हार्ड डिस्कवर चित्रण करणारे कॅमेरे यूएसबीकडे वळलेच होते. पण टेपवर एचडीव्ही, म्हणजे टेपवरचंच एचडी, चित्रण करणारे कॅमेरे त्याही वर्षी दुकानात नवेकोरे मिळत होते. कॅननचा एचव्ही३० तर २००८ चाच. आणि समजा, झाडून सगळे नवे कॅमेरे यूएसबीचे झाले असते, तरी ज्याने लॅपटॉप बदलला त्याने कॅमेराही बदलला, हे गृहीत कुठून आलं? लोक सगळी सामग्री एका दिवशी बदलत नाहीत. आधी लॅपटॉप, जमेल तेव्हा कॅमेरा, आणि कपाटातल्या टेपा तर कायमच्या.

खरी गोम मात्र किमतीच्या पाटीवर होती. खाली ९९९ डॉलरचा जुना पांढरा प्लास्टिकचा मॅकबुक, त्याला फायरवायर होता. वर १,९९९ डॉलरचा मॅकबुक प्रो, त्याला फायरवायर ८००, त्याच पोर्टची दुप्पट वेगाची आवृत्ती. मधल्या १,२९९ आणि १,५९९ वाल्यांना तेवढा नाही. पोर्ट कालबाह्य झाला म्हणावं तर तो खालच्या पायरीवरही होता आणि वरच्याही. कंपनीच्या मनात काय होतं ते बाहेरून सांगता येत नाही, पण फायरवायर हवा असेल तर जुनं प्लास्टिक घ्या नाहीतर चार-सातशे डॉलर जादा मोजा, एवढा अर्थ त्या पाटीतून कुणालाही लागत होता. आठ महिन्यांनी, जून २००९ मध्ये, तोच तेरा इंची लॅपटॉप मॅकबुक प्रो हे नाव घेऊन परत आला. किंमत ११९९ डॉलर, फायरवायर ८०० जागेवर, शिवाय एसडी कार्डाचा स्लॉट. ‘अहो, जागाच नव्हती’ असं सांगत कंपनीची बाजू लढवणाऱ्यांची त्या दिवशी चांगलीच पंचाईत झाली असणार.

आता दुसऱ्या फळीचं म्हणणं, आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. प्रत्येक पोर्टला जागा लागते, चिप लागते, चाचण्या लागतात, आणि दहातल्या एकाला लागणाऱ्या पोर्टचे पैसे दहाही जण भरतात. लॅपटॉप पातळ आणि हलका हवा, हा हट्टही ग्राहकांचाच. त्याहून मोठा मुद्दा असा की जुना पोर्ट जागेवर असेपर्यंत नव्या पोर्टची उपकरणं कोणी बनवत नाही, आणि उपकरणं नाहीत म्हणून ग्राहक नव्याकडे जात नाही. ही कोंडी कोणीतरी फोडावीच लागते. यूएसबी पहिल्यांदा पीसींवर दिसू लागलं १९९६-९७ च्या सुमारास, पण प्रिंटर पॅरलल पोर्टवर आणि माउस सीरियलवर निवांत चालू होते. १९९८ च्या आयमॅकने, ॲपलच्या घरगुती डेस्कटॉपने, फ्लॉपी आणि सीरियल, एससीएसआय, एडीबी (कीबोर्ड-माउसचा) हे जुने पोर्ट, सगळं एका फटक्यात काढलं आणि फक्त यूएसबी ठेवलं, तेव्हा कुठे उपकरणं बनवणाऱ्यांना हलावं लागलं. फायरवायरची बाजू त्याच्या चाहत्यांनी फुगवून सांगितली हेही मान्य. तो पोर्ट हरतच चालला होता, आणि त्यात ॲपलचाच हातभार होता. १९९९ च्या सुरुवातीला कंपनीने प्रत्येक पोर्टमागे एक डॉलर हक्कशुल्क मागितलं. ओरड झाल्यावर पेटंटधारकांनी मिळून प्रत्येक उपकरणामागे २५ सेंटवर तडजोड केली, पण तोवर इंटेलने यूएसबी २ च्या मागे बळ उभं केलं होतं.

इतकं मान्य करूनही आयमॅकच्या गोष्टीतला एक तुकडा सांगणारे नेहमी गाळतात. आयमॅक घरगुती, इंटरनेटसाठी पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेणाऱ्यांसमोर मांडलेला होता. ज्यांच्याकडे जुनी सामग्री मुळात नव्हती, त्यांचं काय जाणार? ज्यांच्याकडे ती होती, त्या व्यावसायिकांसाठी जानेवारी १९९९ मध्ये निळा-पांढरा पॉवर मॅक जी३ आला. त्याला यूएसबी होतं, फायरवायर होता, आणि एक एडीबी पोर्टही मुद्दाम ठेवलेला होता. म्हणजे ज्या कंपनीच्या नावाने ‘एका झटक्यात तोडा’चा उपदेश केला जातो, तिनेच जुन्या ग्राहकाला तेव्हा सवड दिली होती. शिवाय आपल्याला फ्लॉपी आठवते ती अंदाज बरोबर ठरला म्हणून. जिथे अंदाज फसला ती उदाहरणं या वादात कोणी काढतच नाही. २०१६ च्या सप्टेंबरात आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला तेव्हा ॲपलचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून धाडसाची भाषा केली. पुढच्याच महिन्यात आलेल्या मॅकबुक प्रोमधून साधं यूएसबी, एचडीएमआय, एसडी कार्डाचा स्लॉट आणि मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारं चार्जिंग, सगळं गेलं, हेडफोनचा जॅक मात्र राहिला. त्यामुळे त्याच कंपनीचा नवा फोन खोक्यातल्या केबलने त्याच कंपनीच्या नव्या लॅपटॉपला जोडता येईना, आणि फोनबरोबरचा इअरफोन लॅपटॉपला लागेना. एचडीएमआय, एसडी स्लॉट आणि मॅगसेफ ऑक्टोबर २०२१ मध्ये परत आले. मधल्या पाच वर्षांत ज्यांनी खिशातून पैसे काढले, त्यांनी कुठल्या प्रगतीची किंमत मोजली?

जुनं आणि नवं काही काळ शेजारी शेजारी नांदवायचं कसं, हे आपण लॅपटॉपच्या कितीतरी आधी पाहिलं आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. बदल निर्विवाद चांगला होता. आणे-पैच्या हिशेबाने पोरांच्या पाठी वाकवल्या होत्या. तरीही आण्याची नाणी १ एप्रिलच्या सकाळी रद्दी झाली नाहीत. जुनी-नवी दोन्ही काही काळ चालली. चार आणे म्हणजे २५, आठ आणे म्हणजे ५०, हे सरळ होतं. एक आणा म्हणजे सव्वासहा, तो ६ धरायचा, तीन आणे १९ धरायचे, अशी कोष्टकं छापून दिली. नाण्यावर ‘नया पैसा’ असं मुद्दाम लिहिलं, आणि तो ‘नया’ १९६४ मध्ये काढला, लोकांना सवय झाल्यावर. शेर-मणाचं तेच. कायदा १९५६ चा, किलोची वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. गोंधळ झालाच, दुकानदारांनी अर्ध्या-पाव पैशात हात मारलाही असेल, पण घरातलं चार आण्याचं नाणं कोणाच्या हातात मेलं नाही. यावर कोणी म्हणेल, सरकार आणि खासगी कंपनी यांची तुलना कशी? सरकारचं नाणं नाकारता येत नाही, लॅपटॉप दुसरा घेता येतो. घेता येतो, पण ज्याचं संपादनाचं सॉफ्टवेअर, प्रकल्पाच्या फाइली आणि हाताची सवय मॅकवरच आहे, त्याला ‘दुसरा घ्या’ म्हणणं म्हणजे पोर्टपायी सगळा धंदा नव्याने मांडायला सांगणं. मॅक एकच कंपनी बनवते. बाजाराचा युक्तिवाद तिथे फार लांब पोचत नाही.

आणि फायरवायर शेवटी गेलाच. तो कसा गेला हे पाहिलं की माझा मुद्दा पुरा होतो. जून २०१२ मध्ये रेटिना स्क्रीनचा मॅकबुक प्रो आला, त्यात फायरवायर नव्हता आणि इथरनेटही नव्हतं. २००८ सारखा गदारोळ झाला का? नाही. कारण एक वर्ष आधी थंडरबोल्ट हा नवा पोर्ट आलेला होता, तो फायरवायरपेक्षा कैक पटींनी वेगवान होता, आणि २९ डॉलरचा कन्व्हर्टर लावला की जुनी फायरवायर पेटी त्यावर बिनतक्रार चालायची. ज्याला कन्व्हर्टरही नको, त्याच्यासाठी फायरवायर असलेला तेरा इंची मॅकबुक प्रो कंपनीने तब्बल ऑक्टोबर २०१६ पर्यंत विक्रीला ठेवला. पोर्ट तोच, कंपनी तीच, ग्राहकही बरेचसे तेच. २००८ मध्ये जे ‘बदलाला घाबरणारे’ ठरले होते, ते चार वर्षांत अचानक धीट झाले का? की या वेळी त्यांच्यापुढे रस्ता ठेवला होता?

याच मापाने आजचे फक्त टाइप-सी असलेले लॅपटॉप मोजले तर माझा राग बराच उतरतो. आपल्याकडे याची ठेच कुठे लागते ते बघा. ई-टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराकडे किंवा सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीचं टोकन असतं, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, साध्या यूएसबीचं. नव्या लॅपटॉपला ते बसत नाही. टाइप-सीचं टोकन घ्या म्हणावं तर सहीची गुप्त चावी टोकनातून बाहेर काढता येत नाही, सुरक्षितता त्यातच आहे. म्हणजे मुदत संपेपर्यंत थांबा किंवा नवं प्रमाणपत्र काढा. पण इथे काही शे रुपयांचा कन्व्हर्टर खरोखरच काम करतो, कारण दोन्ही बाजूंना यूएसबीच बोललं जातं, बदललंय ते फक्त टोक. २००८ मधल्या मॅकबुकवाल्याला हे भाग्य नव्हतं. टेंडरच्या शेवटच्या तासाला तो कन्व्हर्टर सापडत नाही आणि सगळं ऑफिस खण उपसत बसतं, हा भाग वेगळा. म्हणून ‘पोर्ट काढला’ या एकाच आरोपाखाली २००८ च्या आणि आजच्या, दोन्ही निर्णयांना जोखणाऱ्या तक्रारखोर फळीचाही मला तितकाच कंटाळा येतो. कन्व्हर्टर विकण्यासाठीच हा कट शिजतो, हे तर मला मुळीच पटत नाही. दीड हजार डॉलरचा लॅपटॉप विकणारी कंपनी १९ डॉलरच्या तुकड्यासाठी एवढी बदनामी विकत घेईल? माझ्या मते लोभापेक्षा बेफिकिरी हेच कारण जास्त संभवतं: आपल्याकडच्या टेबलावर सगळं नवं आहे, तर जगाच्याही टेबलावर असेल.

बेफिकिरीला कायद्याचा चाप लावता येईल का? युरोपीय संघाने चार्जिंगसाठी टाइप-सी बंधनकारक केलं, फोनना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचं मानक काढलं आहे. चार्जरच्या ढिगाऱ्यावर हा उपाय ठीक आहे. पण असा कायदा कोणता पोर्ट असावा ते सांगतो, असलेला पोर्ट कसा काढावा यावर तो गप्प आहे. आणि प्रत्येक पोर्ट काढायला सरकारी परवानगी लागली तर दुसऱ्या फळीची भीती खरी ठरेल, हेही मला दिसतं. मला हवंय ते त्यापेक्षा साधं. आधीच्या मॉडेलला असलेला कोणता पोर्ट या मॉडेलला नाही, हे विकण्यापूर्वी किमतीच्या शेजारी ठळक लिहा. जुन्या पोर्टचं मॉडेल, २०१२ नंतर ठेवलं तसं, दोन-तीन वर्षं त्याच किमतीच्या पायरीवर ठेवा. आणि बदलाच्या पहिल्या मॉडेलच्या खोक्यात कन्व्हर्टर टाका, फुकट. कंपनीला हे परवडणार नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याने २०१६ चा नोव्हेंबर आठवावा. टाइप-सीवाल्या मॅकबुक प्रोवरून बोंबाबोंब झाली आणि घोषणेला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा ॲपलने तोच यूएसबी कन्व्हर्टर १९ डॉलरवरून ९ वर आणला, वर्षअखेरपर्यंत. सोसायची ऐपत होती तर ती ओरड होईपर्यंत कुठे दडली होती?